मी आमच्या घराला चुना लावला!

गेल्या पावसाळ्यात आजीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोसा खात होते. आजी आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "अगं, माझ्या खोलीची भिंत परत फुगलीय. रात्री पलंगावर पापुद्रे पडतात. मी पलंग मधोमध ओढून घेतलाय."

त्यातला "परत" हा शब्द मला लागला. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घ्या, म्हणून सगळ्यांच्या मागे लागणारी मीच होते.

आमचं घर बेळगावात आहे. पणजोबांनी बांधलेलं, कौलारू, जांभ्या दगडाच्या दीड हात जाड भिंतींचं. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जूनमध्ये सुरू झाला की पश्चिमेची भिंत तीन महिने त्याचा मार खाते, आणि आजीची खोली नेमकी त्याच बाजूला. जुना गिलावा भुसभुशीत झाला होता. हात फिरवला की भुगा पडायचा.

मी बेंगळुरूत कंटेंट रायटर आहे. त्या वेळी एका वॉटरप्रूफिंगच्या मालासाठी जाहिरातीचा मजकूर लिहीत होते. भिंतीला कवच द्या, ओलीला कायमचा निरोप द्या, अशी वाक्यं रोज तीन भाषांत पाडत होते. लिहिता लिहिता माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. बाबा म्हणाले, "पोरगी त्याच विषयावर लिहिते, तिला कळत असेल." आजीनं पेन्शनमधून बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले. जुना गिलावा खरवडला गेला, वर सिमेंटचा जाड थर बसला, त्यावर चकचकीत रंग लागला. पहिलं वर्ष भिंत अगदी नव्या फ्लॅटसारखी दिसली. दुसऱ्या वर्षी ती फुगली.

आता काकांचं म्हणणं होतं की घरच पाडू. "त्या भिंतींत काही दम राहिला नाही. आरसीसी बांधू, वर दोन मजले काढू." आजी काहीच बोलत नव्हती. तिचं न बोलणं मला जास्त टोचत होतं.

गुळाचा वास

उत्तर सापडलं ते बसवनगुडीत, ऑफिसच्या वाटेवर. बेंगळुरूतले हे भाग, म्हणजे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम, १८९८ च्या प्लेगच्या सुमारास मोकळ्या हवेसाठी वसवले गेले. तिथली जुनी बंगलेवजा घरं अजून काही गल्ल्यांत तग धरून आहेत. अशाच एका घराभोवती बांबूची परांची लागली होती. मला वाटलं, गेलं हेही. पण एका सकाळी तिथून चालताना गुळाचा वास आला. बांधकामाच्या जागेवर गुळाचा वास? मी फाटकातून डोकावले.

अंगणात एक हौद होता आणि त्यात दह्यासारखं घट्ट, पांढरंशुभ्र काहीतरी पाण्याखाली होतं. बाजूला पिंपात गुळाचं पाणी. एक साठीचे मेस्त्री फावड्यानं लालसर मिश्रण वरखाली करत होते. मी बेळगावची, त्यामुळे कन्नड बोलता येतं. विचारलं, "अज्जा, हे काय करताय?"

"सुण्ण," ते म्हणाले. म्हणजे चुना.

अज्जा मूळचे विजयापूरकडचे, आपण ज्याला विजापूर म्हणतो तिकडचे. त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकांत पडताळून पाहिलं, पण समजलं ते त्यांच्या हौदाशेजारीच.

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की पाणी अक्षरशः उकळतं. याला चुना विरवणं म्हणतात. विरलेला चुना चाळून पाण्याखाली मुरत ठेवतात, काही आठवडे, जमलं तर काही महिने. मग त्यात वाळू आणि सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळून मळतात. अज्जांचं माप एका घमेल्याला तीन घमेल्यांचं होतं. गुळाच्या पाण्यानं मिश्रण मऊ होतं आणि नीट लागतं. हिरडा भिजवलेलं पाणीही ते घालत होते. हिरड्याला कन्नडमध्ये अळलेकायी म्हणतात. "यानं पकड येते," अज्जा म्हणाले.

भिंतीवर लावल्यानंतर गंमत सुरू होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी होतो. दगडातून निघालेला माल भिंतीवर जाऊन पुन्हा दगड होतो! फक्त त्याला घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, आणि वाट पाहायची.

मला एकदम आजीची पानाची डबी आठवली. त्यातल्या छोट्या खणातला चुना आणि हा हौदातला चुना एकच. आणि दिवाळीच्या आधी अंगणात पिंपात भिजवलेला सफेदीचा चुना, त्यात टाकलेली नीळ, "लांब राहा, डोळ्यात जाईल" म्हणून आम्हाला हाकलणारी आजी. सगळं एकाच जातीचं.

रेनकोट घातलेली भिंत

मी अज्जांना आमच्या भिंतीची गोष्ट सांगितली. त्यांनी काम थांबवलं आणि विचारलं, "भिंत कशाची?"

"जांभ्याची."

"आणि दगडांमधला जोड?"

मला माहीत नव्हतं. बाबांना फोन केला, तर त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी आजी म्हणाली, "मातीचा, आणि वर चुना."

अज्जा हसले. "मग तंगी, न विचारताच तिला प्लॅस्टिकचा रेनकोट घातलात की." तंगी म्हणजे धाकटी बहीण. उत्तर कर्नाटकात वडीलधारी माणसं मुलींना अशीच हाक मारतात. पुढे ते म्हणाले, "गोडे उसिराडबेकु." भिंतीला श्वास घेता यायला हवा.

त्याचा अर्थ असा. जुन्या जाड भिंतीत ओल येणारच. जमिनीतून वर चढते, पावसातून शिरते. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे ऊन पडलं की ती ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा थर घट्ट. तो ओलीला बाहेर येऊ देत नाही, आणि त्याला एखादी तडा गेली तर तिथून पाणी आत मात्र घेतो. मग कोंडलेलं पाणी वर चढतं किंवा घराच्या आतल्या बाजूनं वाट काढतं. पाण्याबरोबर क्षार येतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे उडवतात. आजीच्या पलंगावर पडत होते ते हेच.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. जुन्या भिंती उन्हापावसात किंचित हलतात, फुगतात, आकसतात. चुन्याचा जोड दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून ताण आला की आधी तो झिजतो. झिजला की पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा कडक असलं की ते हटत नाही आणि झिजतो तो दगड. दुरुस्तीचा माल मूळ भिंतीपेक्षा जास्त मजबूत नसावा, हा जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीतला पहिला धडा. मी मात्र आयुष्यभर मजबूत म्हणजे चांगलं असंच समजत होते.

सिमेंट वाईट आहे असं कुणी समजू नका. आज आपण ज्या फ्लॅटमध्ये राहतो तो सिमेंटशिवाय उभाच राहिला नसता. पण ज्याला आपण सिमेंट म्हणतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये घेतलं, आणि आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागलं ते १९१४ मध्ये. त्याआधीची आपली पक्की बांधकामं बहुतेक चुन्यावर आणि मातीवर उभी आहेत.

"आमचा गोलघुमट बघ," अज्जा अभिमानानं म्हणाले. गोलघुमट बांधून झाला १६५६ मध्ये. त्याचा तो प्रचंड घुमट विटा आणि चुन्याचा आहे. आत एकही खांब नाही, आणि साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्यानं अंगावर घेतले. रोमन लोकांचं काँक्रीटही चुन्यातलंच. २०२३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात दिसणारे चुन्याचे पांढरे खडे ही निष्काळजी मिसळण नव्हती. भेगेतून पाणी शिरलं की त्या खड्यांतला चुना विरघळतो, पुन्हा स्फटिक होतो आणि भेग भरून येते. एवढं जुनं तंत्र, आणि आपल्याला त्याचं कारण आत्ता कळतंय.

शहरभर तोच प्रश्न

त्यानंतर मी बेंगळुरू वेगळ्या नजरेनं पाहू लागले. या शहराशी आपलं जुनं नातं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं ते जिंकल्यावर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. केंपेगौडांचा १५३७ चा किल्ला मातीचा होता, तो हैदर अलीनं १७६१ मध्ये दगडात बांधायला घेतला. आज के. आर. मार्केटच्या गर्दीजवळ त्याचा दिल्ली दरवाजा आणि थोडा भाग उरलाय.

कब्बन पार्कजवळची लाल अट्टारा कचेरी १८६८ ची. नाव ऐकूनच आपल्याला अर्थ कळतो, अठरा खात्यांची कचेरी. आज तिथं हायकोर्ट आहे. १९८०च्या दशकात ती पाडायचं घाटत होतं. नागरिक कोर्टात गेले आणि ती वाचली. सगळ्याच इमारती एवढ्या नशीबवान नसतात. लालबागेतला जुना कृंबिगल हॉल नोव्हेंबर २०१७ मध्ये जमीनदोस्त झाला. म्हैसूरच्या देवराज मार्केटचा एक भाग ऑगस्ट २०१६ मध्ये कोसळला, आणि उरलेलं मार्केट पाडायचं की दुरुस्त करायचं हा वाद कोर्टापर्यंत गेला. म्हणजे आमच्या घरात आजी आणि काकांमध्ये जे न बोलता चाललं होतं, तेच.

गडांवर भटकणाऱ्यांनी चुन्याचा घाणा पाहिला असेल. जमिनीत दगडाची गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल चाक ओढायचे आणि चुना मळला जायचा. लोहगडावर मीही कॉलेजच्या सहलीत तो पाहिला होता. चाकाला टेकून फोटो काढला आणि पुढे गेले. हे गडाच्या भिंतींचं स्वयंपाकघर आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर थोडा वेळ थांबले असते.

खरा चुना

दसऱ्याला घरी गेले तेव्हा मी सगळ्यांना बसवून हे सांगितलं. काका म्हणाले, "आधी सिमेंट लावून आम्हाला चुना लावलास. आता खरा चुना लावणार?" सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले.

आजी पहिल्यांदा बोलली. "एक भिंत करून बघू. नाही जमलं तर पाडा."

अज्जा बेळगावला येणं शक्य नव्हतं. त्यांनी फोनवर सांगितलं की आधी भिंतीला हात लावू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा. शोधलं, तर लाज वाटावी असं निघालं. कौलांखालची पन्हळ फुटली होती आणि सगळं पाणी त्याच भिंतीवर पडत होतं. शिवाय गल्लीचा रस्ता काँक्रीटचा करताना उंच झाला होता, त्यामुळे भिंतीच्या पायाशी पाणी साचत होतं. पन्हळ बदलली, पायाशी चर काढून पाण्याला वाट दिली. अर्धं काम तिथंच झालं.

मग सिमेंट काढलं. छिन्नी-हातोडीनं, हळूहळू, मशीन न वापरता. तरी काही ठिकाणी सिमेंटच्या पापुद्र्याबरोबर जांभ्याची सालही निघून आली. मजुरानं तो तुकडा माझ्या हातात दिला. एका बाजूला करडं सिमेंट, दुसऱ्या बाजूला आमचा लाल दगड. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

भिंत दोन-अडीच महिने उघडीच ठेवली, सुकण्यासाठी. आजी माजघरात झोपत होती. काका रोज जाता-येता भिंतीकडे बघून सुस्कारा सोडत होते. एका जुन्या देवळाच्या दुरुस्तीवर काम केलेले दोन गवंडी मिळाले. त्यांनी चुना मुरवला, गूळ भिजवला आणि दोन पातळ थर दिले. मधले दिवस गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम आजीनं कुणालाच करू दिलं नाही. शेवटी चुन्याचीच सफेदी दिली.

पैसे सिमेंटपेक्षा जास्त गेले, वेळ तर कितीतरी जास्त. यातले अर्धे पैसे मी दिले. ते उपकार म्हणून नव्हते, दंड म्हणून होते.

तुमच्याही गावाकडे असं घर असेल, तर माझ्या चुकीतून एवढं घ्या. भिंत कशाची आहे आणि जोड कशाचा आहे, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गिलाव्याआधी पन्हळ, कौलं आणि भिंतीचा पाया बघा. आधी हातभर जागेवर करून पाहा. चुना विरवताना लहान मुलांना लांब ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला, कारण चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. भिंत कललेली असेल किंवा मोठी तडा वाढत असेल, तर गवंडी नको, आधी इंजिनिअर. आणि फ्लॅटच्या काँक्रीटच्या भिंतीसाठी यातलं काही नाही, तिचं शास्त्र वेगळं.

यंदाचा पावसाळा भिंतीनं काढला. जुलैत आठ दिवस सलग पाऊस लागला तेव्हा ती ओली दिसली, गडद. आजीनं फोनवर सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण उघडीप झाल्यावर पाच-सहा दिवसांत ती पुन्हा पांढरी झाली. पापुद्रे पडले नाहीत. खालच्या एका कोपऱ्यात अजून क्षार येतात. आजी ते कोरड्या ब्रशनं झाडते आणि म्हणते, "पोटातलं सगळं बाहेर यायला वेळ लागतोच." काका म्हणतात, अजून दोन पावसाळे जाऊ देत, मग बोलू. पण घर पाडायचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

ऑफिसात मी अजूनही भिंतींवर लिहिते. मजकुराच्या शेवटी एक ओळ घालते, की घर जुनं दगड-मातीचं असेल तर आधी जाणकाराला विचारा. पहिल्यांदा ती ओळ कापली गेली. दुसऱ्यांदा राहिली.

गणपतीला घरी गेले तेव्हा आजीचा पलंग पुन्हा भिंतीला लागला होता. जेवणानंतर ती पलंगावर बसून पान लावत होती. चुन्याचं बोट पानावर फिरवलं, उरलेला चुना सवयीनं भिंतीला पुसायला गेली आणि थांबली. मग स्वतःशीच हसली आणि पुसलाच.

"असू दे," म्हणाली. "त्याचाच आहे."